बार्सिलोनाची अभ्याससहल : सोसायटीच्या एका सचिवाने केलेले परीक्षण

युरोपच्या सहली पुण्याला नव्या नाहीत. दोन आठवड्यांत सात-आठ देश, रोज पहाटे बॅगा खोलीच्या दाराबाहेर, रात्री वरण-भात आणि बसमध्ये अंताक्षरी, हा साचा आपल्याकडे इतका पक्का झाला आहे की एकाच शहरात आठवडाभर राहून त्या शहराच्या अडचणी समजून घेण्याची सहल कोणी काढते म्हटले, तर पहिली शंका पैसे उकळण्याचीच येते. कोथरूडच्या एका छोट्या सहल-संस्थेने दसरा आटोपल्यावर आणि दिवाळीच्या आत, ऑक्टोबर २०२५ मध्ये, बार्सिलोनाची अशी सहल काढली आणि मी व माझी पत्नी तीत सहभागी झालो. संस्थेचे नाव येथे देत नाही, कारण मुक्कामाच्या व्यवस्थेविषयी त्यांच्याशी माझा पत्रव्यवहार अजून चालू आहे आणि तो पुरा होण्याआधी कोणाला जाहीरपणे दोषी धरणे मला योग्य वाटत नाही. मात्र अशा सहलींचा विचार करणाऱ्यांना कोणते प्रश्न विचारावेत हे कळावे, एवढा तपशील खाली दिला आहे. मी बरीच वर्षे आमच्या गृहनिर्माण सोसायटीचा सचिव आहे. त्यामुळे माझे लक्ष चर्चच्या शिखरांपेक्षा जिन्यातल्या सूचनाफलकाकडे अधिक जाते, हेही वाचकांनी ध्यानात घ्यावे.

सहलीची सुरुवात पुण्यातच झाली, आणि संस्थेला मी सर्वाधिक गुण याच भागासाठी देईन. निघण्यापूर्वी कर्वे रस्त्याजवळच्या एका सभागृहात रविवारी संध्याकाळी बैठका झाल्या. व्हिसा, विमा, हवामान या नेहमीच्या गोष्टी लवकर उरकून संचालिकाबाईंनी पुणे महानगरपालिका आणि बार्सिलोना यांचे नकाशे एकाच प्रमाणात काढून शेजारी-शेजारी लावले. गावे सामील होत गेल्यावर आपल्या पालिकेची हद्द पाचशे चौरस किलोमीटरच्या आसपास पोहोचली आहे. बार्सिलोनाची शंभरच्या आसपास आहे. एकीकडे समुद्र, दुसरीकडे कोल्सेरोलाचे डोंगर आणि दोन बाजूंना दोन नद्या, अशा चौकटीत तेथे सुमारे १७ लाख माणसे राहतात आणि शहराला पसरायला जागा उरलेली नाही. याच चौकटीत दरवर्षी एक कोटीहून अधिक पर्यटक मुक्कामाला येतात. कारखान्यांचे आणि बंदराचे हे शहर १९९२ च्या ऑलिंपिकने जगापुढे आणले, त्या निमित्ताने किनाऱ्यावरचे जुने कारखाने आणि रेल्वेचे रूळ हटवून समुद्र मोकळा केला गेला, आणि आज शहराच्या उत्पन्नाचा सुमारे १४ टक्के भाग पर्यटनातून येतो. त्यानंतर बाईंनी ६ जुलै २०२४ च्या मोर्चाची छायाचित्रे दाखवली. पोलिसांच्या अंदाजाप्रमाणे त्या मोर्चात सुमारे २,८०० लोक होते, आणि त्यांतल्या काहींनी उपाहारगृहांबाहेर जेवत बसलेल्या पर्यटकांवर खेळण्यातल्या पिचकाऱ्यांनी पाणी उडवले होते. “मग आपण कशाला चाललोय?” असे मागच्या रांगेतल्या एका काकांनी विचारले, सभागृह हसले, आणि बाईंनी प्रश्न पुढच्या बैठकीवर ढकलला. पुढच्या बैठकीतही त्याचे उत्तर मिळाले नाही. परंतु पैसे भरलेल्या गिऱ्हाइकांना ही छायाचित्रे आधी दाखवणारी दुसरी सहल-संस्था माझ्या पाहण्यात नाही.

इथवर सारे उत्तम होते. मुक्कामाची जागा मात्र निघण्याच्या जेमतेम आठवडाभर आधी कळली. माहितीपत्रकात “मध्यवर्ती भागात आरामदायी निवास” एवढेच छापले होते. प्रत्यक्षात आमची सोय एशाम्पला भागातल्या एका जुन्या रहिवासी इमारतीत, पर्यटकांना दिवसांच्या हिशेबाने भाड्याने दिल्या जाणाऱ्या सदनिकांमध्ये केली होती. सदनिकेत उणे काढण्याजोगे काहीही नव्हते. उंच छत, नक्षीच्या फरश्या, रस्त्याकडे उघडणारी गच्ची, कुकर चढवता येईल असे स्वयंपाकघर, कपडे धुण्याचे यंत्र आणि गरम पाणी, हे सगळे चोख होते. मालक मात्र कधी दिसला नाही. किल्ली दाराशेजारच्या आकड्यांच्या कुलुपाच्या डबीत ठेवलेली असे आणि तक्रार असल्यास फोनवरून संदेश पाठवायचा होता. त्याच मजल्यावर समोर एक वृद्ध जोडपे राहत होते. पहिल्या सकाळी आम्ही हसून नमस्कार केला, तेव्हा त्या जोडप्यातल्या बाईंनी मान वळवली. आमच्या शेजारच्या सदनिकेतली मंडळी एक दिवसाआड बदलत होती, आणि प्रत्येक बदलाच्या वेळी रात्री-अपरात्री जिन्याच्या फरशीवरून चाकांच्या बॅगांचा खडखडाट होई. आमच्या सोसायटीत असे आठवडाभर चालले असते, तर माझ्या टेबलावर लेखी तक्रारींचा ढीग साचला असता आणि मी सभेची नोटीस काढली असती.

दुसऱ्या दिवशी संस्थेने नेमलेल्या स्थानिक मार्गदर्शक बाईंनी, आम्ही कोठे उतरलो आहोत हे ठाऊक असूनही, याच सदनिकांचा विषय निर्विकारपणे काढला. शहरात अशा परवानाधारक सदनिका सुमारे दहा हजार आहेत. महापौर जाउमे कोलबोनी यांनी जून २०२४ मध्ये जाहीर केले की नोव्हेंबर २०२८ नंतर यांतल्या एकाही परवान्याचे नूतनीकरण होणार नाही. दहा वर्षांत शहरातली घरभाडी ६८ टक्क्यांनी वाढली, असा आकडा त्यांनी त्या वेळी दिला होता. मालकांची बाजूही आम्हाला सांगण्यात आली, हे येथे नोंदवतो. शहरातल्या सुमारे आठ लाख घरांमध्ये दहा हजारांचा हिस्सा सव्वा टक्क्याच्या घरात येतो, तेव्हा एवढ्याने भाडी कशी उतरतील, असे त्यांचे म्हणणे आहे. बाईंचे त्यावरचे उत्तर असे की ही दहा हजार घरे शहरभर विखुरलेली नसून मोजक्या वस्त्यांत एकवटली आहेत, आणि ज्या इमारतीत निम्म्या सदनिका अशा होतात तेथे उरलेल्यांना राहणे नकोसे होते. मार्च २०२५ मध्ये स्पेनच्या घटनात्मक न्यायालयाने या निर्णयामागचा काटालोनियाचा, म्हणजे बार्सिलोना ज्या स्वायत्त प्रांतात आहे त्याचा, कायदा वैध ठरवला. मला अधिक रस वाटला तो ३ एप्रिल २०२५ पासून स्पेनमध्ये लागू झालेल्या तरतुदीत, जिच्यानुसार इमारतीत नवी पर्यटक-सदनिका सुरू करायची असल्यास तेथल्या मालकांच्या तीन-पंचमांश बहुमताची मंजुरी लागते. एकट्या राहणाऱ्या मुलामुलींना जागा देऊ नये, असे ठराव हौसेने करणाऱ्या पुण्यातल्या सोसायट्यांनी सभेचा वेळ या दुसऱ्या विषयाला दिला असता, तर विमाननगर आणि कोरेगाव पार्कच्या काही इमारतींमधले रहिवासी आज सुखाने झोपले असते.

आमच्या सदनिकेला अधिकृत परवाना क्रमांक होता आणि संस्थेने बेकायदा काहीही केले नाही, हे स्पष्ट केले पाहिजे. आक्षेप वेगळा आहे. ज्या शहराचा मुख्य प्रश्न घर हा आहे, असे सहलीच्या प्रत्येक व्याख्यानात सांगितले जाते, त्या शहरात सहलीचा मुक्काम मात्र त्याच प्रश्नाला हातभार लावणाऱ्या जागेत असावा, आणि तेही गिऱ्हाइकाला आधी न सांगता, हे विसंगत आहे. मी संचालिकाबाईंना तेथेच विचारले. हॉटेल घेतले असते तर दरमाणशी पन्नास-साठ हजार रुपये वाढले असते आणि आपल्या मंडळींना सकाळच्या चहा-पोह्यांसाठी स्वयंपाकघर लागते, असे त्यांनी सांगितले. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण त्या माहितीपत्रकात छापता आल्या असत्या आणि निवड गिऱ्हाइकावर सोडता आली असती. भरीला, पर्यटक-कराची रक्कम सहलीच्या शुल्कात धरलेली नव्हती. आम्ही गेलो तेव्हा अशा सदनिकांसाठी दर रात्री दरमाणशी सव्वासहा युरो आकारले जात होते आणि ते पोहोचल्यावर रोख मागण्यात आले. रक्कम फार मोठी नाही, पण पुणेकराला न सांगितलेला खर्च रकमेपेक्षा जास्त बोचतो.

पायी फेऱ्या हा सहलीचा गाभा होता आणि त्या अत्यंत विचारपूर्वक आखलेल्या होत्या. बार्सेलोनेता या किनाऱ्यावरच्या वस्तीत आम्ही एक संपूर्ण सकाळ घालवली. अठराव्या शतकात किल्ल्यासाठी घरे गमावलेल्या लोकांना आणि कोळी-खलाशांना वसवण्यासाठी आखलेल्या या वस्तीतली घरे पुढे चिरत-चिरत चतकोर झाली, आणि आज तीस-पस्तीस चौरस मीटरच्या त्या चतकोर घरांना समुद्र जवळ असल्यामुळे सोन्याचा भाव आला आहे. ऑगस्ट २०१४ मध्ये काही पर्यटक तेथल्या रस्त्यांतून दिवसाढवळ्या नागवे हिंडले आणि रहिवाशांनी मोर्चे काढले. तेव्हापासून गच्च्यांवर लटकणारी निषेधाची कापडे आजही दिसतात. या गल्ल्यांतून फिरताना आमच्या गटात आपसूक शांतता पसरली होती. कोणी सांगितले म्हणून नव्हे. वरच्या मजल्यांवरून आमच्याकडे पाहणारी माणसे दिसत होती म्हणून.

घरभाड्यावरचा दुपारचा तास मला सर्वांत मोलाचा वाटला. २००८ च्या मंदीत स्पेनमध्ये हजारो कुटुंबांची घरे बँकांनी जप्त केली, आणि तेथला कायदा असा की घर गेले तरी कर्जाची उरलेली रक्कम डोक्यावर राहतेच. या अन्यायाविरुद्ध २००९ मध्ये बार्सिलोनात कर्जबाधितांची चळवळ उभी राहिली. तिच्या पुढाऱ्यांपैकी आदा कोलाउ २०१५ ते २०२३ अशी आठ वर्षे शहराच्या महापौर होत्या. त्यांनी येताच नव्या हॉटेलांचे परवाने थांबवले. तरीही भाडी चढतच राहिली. आज शहरातले सरासरी भाडे महिन्याला अकराशे युरोंच्या वर आहे, आणि २०२५ साली देशाचे किमान मासिक वेतन १,१८४ युरो होते. हे दोन आकडे शेजारी ठेवल्यावर तिशीपर्यंत आईवडिलांकडे राहणारी मुले तेथे इतकी का, हे विचारावे लागत नाही.

मार्च २०२४ मध्ये काटालोनियात १४० गावा-शहरांत भाड्यावर मर्यादा घालण्यात आली. भाडी थोडी खाली आली, पण मालकांनी पळवाट शोधली. तेथे राहण्यासाठीचा नेहमीचा भाडेकरार कायद्याने पाच वर्षांचा, आणि मालक कंपनी असल्यास सात वर्षांचा संरक्षित असतो. “हंगामी” वापरासाठीचा करार या संरक्षणात आणि मर्यादेत बसत नव्हता, म्हणून तो अकरा महिन्यांचा करायचा आणि मग पुन्हा नवा करायचा. अकरा महिने हा शब्द उच्चारला गेला आणि आमच्या गटातल्या प्रत्येकाच्या चेहऱ्यावर ओळखीचे हसू उमटले. मार्गदर्शक बाईंना त्याचे कारण समजेना. पुण्यात सदाशिव पेठेतल्या स्पर्धा-परीक्षेच्या विद्यार्थ्यापासून हिंजवडीच्या अभियंत्यापर्यंत सर्वांचे संसार लीव्ह अँड लायसन्सच्या अकरा महिन्यांवरच चालतात आणि आमच्याकडे ती पळवाट नसून राजमार्ग आहे, हे आम्ही सांगितल्यावर त्यांनी वहीत काहीतरी टिपून घेतले. त्यांना दुसरी बाजू सांगण्याचेही काम मी केले. आमच्या पेठांतल्या वाड्यांत भाडे नियंत्रणामुळे पिढ्यान्‌पिढ्या नाममात्र भाडे राहिले, मालकाने कौल बदलणे सोडले, भाडेकरूने जागा सोडली नाही, आणि शेवटी पावसाळ्यात भिंतच खाली आली. भाड्याला मर्यादा घालणे हे काम अर्धेच असते आणि उरलेले अर्धे, म्हणजे परवडणारी नवी घरे बांधणे, कोणतेही शहर पुढे ढकलत राहते. सहलीत अशी देवाणघेवाण होऊ शकली, याचे श्रेय गट पंधरांच्या आत ठेवण्याला आहे. चाळीस जणांच्या बसमध्ये हे शक्य नसते. तसेही तेथल्या जुन्या शहरात मार्गदर्शित गटांवर संख्येची मर्यादा आहे आणि ध्वनिवर्धकाला बंदी आहे.

राव्हाल या वस्तीची फेरी तुलनेने फसली. तेथल्या रहिवाशांपैकी निम्म्याहून अधिक परदेशात जन्मलेले आहेत. पाकिस्तानी, बांगलादेशी, फिलिपिनो आणि मोरोक्कन दुकाने एकमेकांना चिकटून आहेत आणि आमच्या मंडळींना हिंदीत भाव करता येत असल्यामुळे फेरीचा बराचसा वेळ खरेदीत गेला. रिकाम्या सदनिका बळकावून अमली पदार्थ विकणाऱ्या टोळ्यांचा जो त्रास या वस्तीने सोसला, त्याविषयी चार वाक्यांत आटोपण्यात आले. पदपथावर चादर पसरून नकली पिशव्या विकणाऱ्या सेनेगली तरुणांविषयी मात्र बाईंनी नीट समजावले. चादरीच्या चारही कोपऱ्यांना दोरी बांधलेली असते, ती एका झटक्यात ओढली की गाठोडे तयार होते आणि विक्रेता पळू शकतो. हे तरुण दुसरे काही का करत नाहीत, या आमच्या प्रश्नाचे उत्तर कायद्यात होते. कागदपत्रांशिवाय आलेल्या माणसाला वास्तव्याच्या आधारावर परवाना मिळण्यासाठी त्या देशात तीन वर्षे काढल्याचा पुरावा द्यावा लागे. मे २०२५ पासून ही मुदत दोन वर्षांवर आली आहे. तोवर त्याला नोकरी देणे बेकायदा आणि खाणे तर रोजचेच.

साग्रादा फामिलिया पाहणे अर्थातच होते. तिच्या स्थापत्याविषयी सांगणारे पुष्कळ आहेत, म्हणून मी सचिवाच्या दृष्टीने रंजक तेवढेच सांगतो. १८८२ मध्ये काम सुरू झालेल्या या चर्चकडे वैध बांधकाम परवानाच नव्हता, तो २०१९ मध्ये मिळाला. एकशे सदतीस वर्षे विनापरवाना बांधकाम चालल्याचे ऐकून आमच्यातल्या एका निवृत्त पालिका-अभियंत्यांच्या डोळ्यांत जे भाव आले, ते पाहायला मिळाले म्हणून तरी तिकिटाचे पैसे वसूल झाले. यातला गंभीर भाग पुढे आहे. मुख्य दर्शनी बाजूसमोर नियोजित असलेल्या भव्य पायऱ्यांसाठी समोरच्या रहिवासी इमारती पाडाव्या लागतील आणि शेकडो कुटुंबांच्या डोक्यावर ही तलवार अनेक वर्षे लटकते आहे. पार्क ग्वेल या टेकडीवरच्या उद्यानातही असाच एक तपशील कळला. तेथे जाणारी ११६ क्रमांकाची छोटी बस पर्यटकांनी इतकी भरून जाई की वस्तीतल्या म्हाताऱ्यांना बसायला जागा मिळेना, म्हणून २०२४ मध्ये पालिकेने गूगलच्या नकाशातून तो मार्गच काढवून घेतला. आम्ही अर्थात चालत गेलो आणि चढावर गुडघ्यांनी आपले मत नोंदवले.

कॉन्सेल दे सेंट या रस्त्यावरची संध्याकाळ आल्हाददायक होती. मोटारींची वर्दळ हटवून २०२३ मध्ये तेथे झाडे आणि बाके आणली आहेत. वर्षातून एक दिवस लक्ष्मी रस्ता पादचाऱ्यांसाठी मोकळा करून आपण जो आनंद साजरा करतो, तो तेथे बारमाही आहे. असा रस्ता झाला की त्यावरच्या घरांची भाडी चढतात, ही तक्रारही आम्ही त्याच बाकांवर बसून ऐकली.

सुरक्षिततेच्या बाबतीत संस्थेचे काम चोख होते. पाकीटमारीविषयी पुण्यातच बजावले होते, तरी गटातल्या एका काकूंचा फोन मेट्रोत गेलाच. सहल-व्यवस्थापकाने तासाभरात सिमकार्ड बंद करवले, पोलिसांत तक्रार नोंदवून विम्यासाठी तिची प्रत घेतली आणि काकूंना दुसरा साधा फोन आणून दिला. चारशे युरोंपर्यंतची चोरी तेथे किरकोळ गुन्हा धरली जाते आणि शिक्षा सहसा दंडावर भागते, त्यामुळे तीच ती माणसे पुन्हा-पुन्हा पकडली जातात, हे त्याने तेव्हाच सांगितले. तपासाची खोटी आशा लावली नाही.

जेवणाविषयी थोडक्यात सांगायचे, तर शाकाहारी मंडळींची आबाळ झाली नाही. टोमॅटो चोळलेला पाव सर्वांना आवडला आणि रात्रीची खिचडी सदनिकेत होत असे. बोकेरिया मंडईत खाण्याची वेळ ठेवायला नको होती. ती मंडई आता भाजी घेणाऱ्यांपेक्षा कागदी पेल्यात फळे खाणाऱ्यांची झाली आहे, आणि आम्ही त्यांत भर घातली.

सहलीचे शुल्क दरमाणशी दोन लाख ऐंशी हजार रुपये होते, त्यात मुंबईहून विमान, निवास, फेऱ्या आणि निम्मी जेवणे धरलेली होती. व्हिसा, पर्यटक-कर आणि पुणे-मुंबई प्रवास वेगळा. एका शहरासाठी ही रक्कम जास्त आहे. नेहमीच्या कंपन्या यात चार देश दाखवतात. ज्यांना छायाचित्रे हवी आहेत त्यांनी तिकडेच जावे. सोसायटीचे, पालिकेचे किंवा नगररचनेचे काम ज्यांनी केले आहे, किंवा घरासाठी वणवण केली आहे, त्यांना मात्र या सहलीत दिलेल्या पैशांचे मोल मिळेल. भरणा करण्यापूर्वी निवासाचा नेमका पत्ता, तो हॉटेल आहे की सदनिका, आणि कर शुल्कात धरला आहे की नाही, हे लेखी मागावे. तोंडी उत्तरावर थांबू नये. पुढच्या वर्षीच्या सहलीत जादा रकमेत हॉटेलचा पर्याय देण्याचे संचालिकाबाईंनी मला फोनवर कबूल केले आहे. तो माहितीपत्रकात छापून आला की संस्थेचे नाव आमच्या सोसायटीच्या फलकावर मी स्वतः लावीन.